यूएसबीने बाहेरून जोडलेली हार्ड डिस्क संगणकावरून मध्येच गायब होते? आधी केबल बघा

घाबरू नका, दर वेळी डिस्कच गेलेली नसते. पहिल्यांदा केबल बदला. तिची डिस्कमध्ये जाणारी ती चपटी मायक्रो-बी पिन लवकर सैल होते, जरा हात लागला की संपर्क तुटतो. मग हब (एका पोर्टची अनेक पोर्ट करणारी डबी) वापरत असाल तर तो काढून डिस्क थेट संगणकाला लावा, डेस्कटॉप असेल तर मागच्या पोर्टला. यूएसबी २ चं पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतं, यूएसबी ३ चं ९००. वीज अपुरी पडली की डिस्क फिरता फिरता बंद पडते.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- 'फॉरमॅट करायचं का?' विचारल्यावर 'हो' म्हणणं. त्याने डिस्क पुसली जाते, कॅन्सल करा!
- डेटा आत असतानाच चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन) चालवणं. आधी कॉपी, मग दुरुस्ती.

टकटक आवाज येत असेल तर मात्र लगेच काढा, पुन्हा लावून बघूच नका. स्मार्ट रिपोर्टचं, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिचं, नंतर सांगतो.