लेकींचा माज, बापाची निवड

मेंढ्यांसाठी पैदाशीचा नर घ्यायचे दिवस आले की तेच प्रश्न पुन्हा येतात. एकदाच उत्तरं देतो.

नराचा लेकींच्या माजाशी, म्हणजे त्या नर घ्यायला कधी तयार होतात याच्याशी, काही संबंध असतो का? मेंढी आईच्या वळणावर जाते म्हणतात.

असतो. निम्मा वारसा बापाचा.

आमच्या दख्खनी मेंढ्या दिवाळीनंतर चाऱ्यासाठी भटकताना ऐन वाटेवर वितात. उन्हाळ्यातही माजावर येणाऱ्या लेकी देतो, असं सांगून एकजण माडग्याळ जातीचा, बाकदार नाकाचा नर विकतोय. घ्यावा का?

त्याची आई कोणत्या महिन्यात व्याली, बहिणी कधी व्याल्या, एवढं विचारा. बहुधा उत्तर न देता तो नाकाचा बाक दाखवेल. त्या नाकावर लाखांची बोली लागते, लागू दे; नाकावरून लेकीचा माज कळत नाही.

घरचाच नर पाहा. ज्या मेंढ्या मार्च-एप्रिलात गाभ राहून ऑगस्ट-सप्टेंबरात व्याल्या, आणि एकदा नव्हे तर दोन वेतं तशाच व्याल्या, त्यांच्या पोटचा ठेवा. भर उन्हाळ्यात त्याच्या वृषणांचा घेर टेपने मोजा. घेर फारसा आटत नसेल आणि तो मेंढ्यांवर उडत असेल, तर आशेला जागा आहे. पण हा गुण वारशाने थोडाच उतरतो. फलटणला सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसात दोन तासांहून जरासाच जास्त फरक, त्यामुळे युरोपातल्या मेंढीसारखी आपली मेंढी दिवसमानाला बांधलेली नाही. तिचा माज चाऱ्यावर हलतो. उन्हाळ्यात पोट खपाटीला गेलं असेल, तर बाप कोणताही असो.

आणि हे सगळं आठवणीवर चालत नाही! कानात बिल्ला, वहीत विण्याची तारीख. ‘आमच्या लक्षात असतं’ म्हणणाऱ्यांना मी दोन वर्षांपूर्वीचं एखादं वेत विचारतो, मग गप्प बसतात. वही घेऊन पशुवैद्यकाकडे जा आणि मगच नर ठरवा.

हार्मोनचा स्पंज बसवून माज आणलेल्या मेंढीचा नर ठेवला तर?

औषधाचा माज लेकीत उतरत नाही. वहीत अशा मेंढ्यांपुढे खूण करा आणि निवडीत धरू नका. स्पंज डॉक्टरांकडूनच बसवा.

नारी सुवर्णा या जातीच्या नराच्या लेकी वर्षातून दोनदा वितील का?

नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनच्या गरोळ मेंढीतून या जातीत आणलेल्या जनुकाने जुळी वाढतात, माजाचा महिना बदलत नाही. नरात ते आहे का, हे डीएनए तपासणीच सांगेल. ‘जुळ्यातला आहे’ हा पुरावा नव्हे. जुळ्यांना दूध पुरेल का, तेही आधी डॉक्टरांशी बोला.

तोच नर लेकींवर सोडला तर चालेल?

नाही. दर दोन वर्षांनी बदला.

नर आणून दोन महिने झाले, फरक नाही.

लेकी अजून जन्मल्याच नाहीत! त्या विण्याला येईपर्यंत साधारण दोन वर्षं जातील. पण मेंढ्याच उलटत असतील, म्हणजे गाभ न राहता पुन्हा माजावर येत असतील, तर नराला मध्यंतरी ताप आला होता का ते आठवा. नवं वीर्य तयार व्हायला सात आठवडे लागतात. वाट पाहू नका, उद्याच तपासून घ्या.