दवाखान्यातल्या रात्री थोरला कुणाजवळ झोपणार, ते आधी ठरव

तुझा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा सव्वादोन वर्षांचा, तुला पाचवा महिना, तारीख ऑगस्टच्या मध्यावर, पहिलं सिझर. नवरा कुपवाड एमआयडीसीत पाळीवर, घरी सासूबाई पण त्यांचे गुडघे दुखतात, नणंद विश्रामबागेत, घर सांगलीच्या गावभागात. मुलगा दिवसभर ‘कडेवर घे’ म्हणून मागे लागतो, अजून अंगावर पितो. सासूबाई म्हणतात आता दूध तोड, शेजारच्या म्हणतात उचलू नकोस, आणि दुसरं आल्यावर याचं कसं होणार या विचारानं तुझी झोप उडालीय.

सगळ्यात आधी एक गोष्ट ठरव. तू दवाखान्यात असशील तेव्हा रात्री हा कुणाजवळ झोपणार? पुन्हा सिझर झालं तर चार-पाच रात्री तरी धर. ‘तेव्हाचं तेव्हा बघू’ असं उत्तर येत असेल, तर आजपासून तिथूनच सुरुवात कर. दुपटी, झबली, टोपडी आठ दिवसांत गोळा होतात. रोज आईला बिलगून झोपणारं पोर दुसऱ्या माणसाजवळ शांत झोपायला मात्र दोन-तीन महिने लागतात, आणि तेवढे तुझ्या हातात आहेत.

माणूस म्हणजे शक्यतो बाबाच. पाळी बदलते म्हणून अडून बसू नकोस. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात सकाळची अंघोळ आणि न्याहारी बाबांची, पहिल्या पाळीच्या आठवड्यात रात्रीचं झोपवणं बाबांचं. रात्रपाळी आली तर तेवढ्यापुरती आत्या किंवा आजी. सुरुवातीला तू त्याच खोलीत बस, पण थोपटायचं त्यांनी. मग तू स्वयंपाकघरात थांब. मग एखादी रात्र दुसऱ्या खोलीत झोप. रडला तर लगेच धावत जाऊ नकोस, त्यांना समजूत काढू दे.

आणि त्या माणसाची स्वतःची रीत असू दे, आईची नक्कल नको. माझ्या थोरलीचं आजोबांशी जमलं. ते तिला संध्याकाळी आमराईत फिरवून आणायचे. घरी आले की तिचे पाय धुऊन बोटांच्या बेचक्यांपर्यंत पंचानं कोरडे करायचे, मग पोटावर पालथी घालून पाढे म्हणायचे. बे दाहे वीसपर्यंत पोचायच्या आत ती झोपलेली असायची. माझ्या बाळंतपणात तिला अंगाई नको होती, गोष्ट नको होती, पाढेच हवे होते. आईचं गाणं दुसऱ्या कुणी म्हटलं की मुलाला आईच आठवते. आजोबांचे पाढे आजोबांचेच होते, म्हणून त्या रात्री ती निभावून गेली.

आता उचलण्याचं. सगळं ठीक असेल तर गरोदरपणात मुलाला अजिबात उचलायचंच नाही असा नियम नाही. गुडघ्यात वाकून, त्याला छातीशी धरून थोडा वेळ उचललं तर चालतं. वार (प्लॅसेंटा) खाली असेल, अंगावरून रक्त गेलं असेल, गर्भपिशवीच्या तोंडाला टाका असेल, तर मात्र नाही म्हणजे नाही. पाचव्या महिन्याची सोनोग्राफी झाली असेल तर वार कुठे आहे ते त्या रिपोर्टात लिहिलेलं असतं, डॉक्टरांना सरळ विचार. खरी अडचण पुढे आहे. सिझरनंतर साधारण सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नका असं सांगतात. हा बारा किलोचा गडी त्या सहा आठवड्यांत तुझ्याकडे हात पसरणार. बाळ आलं त्याच दिवसापासून कडेवर घेणं बंद झालं, तर त्याच्या लेखी ते बाळामुळेच बंद झालं. म्हणून आत्तापासून कडेवरचं मांडीवर आण. तू भिंतीला टेकून खाली बस, शेजारी एक पाट ठेव, त्यावर पाय देऊन तो स्वतः चढू दे. ‘आई उचलत नाही, पण आईच्या मांडीवर मला कधीही चढता येतं’ एवढं त्याला पक्कं ठाऊक झालं पाहिजे. ‘पोटात बाळ आहे म्हणून नाही’ हे वाक्य घरात कुणीच वापरू नका. ‘आईची पाठ दुखते, ये, बसून घेते’ म्हणा.

अंगावरच्या दुधाचं सासूबाईंना असं सांग की गरोदरपणात दूध खराब होत नाही, आणि एरवी सगळं ठीक असेल तर थोरल्याला पाजल्यानं पोटातल्या बाळाला त्रास होत नाही. आधी वेळेपूर्वी कळा आल्या असतील, रक्तस्राव झाला असेल किंवा पाजताना पोट आवळल्यासारखं वाटत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाजू नकोस. या महिन्यांत दूध आपोआप कमी होतं, चवही बदलते, त्यामुळे बरीच मुलं स्वतःच सोडतात. तुला सोडवायचंच असेल तर आत्ता सोडव आणि हळूहळू सोडव: आधी दुपारचं, पंधरा दिवसांनी संध्याकाळचं, रात्रीचं सगळ्यात शेवटी. कडुनिंबाचा पाला वाटून लावायचा सल्ला मिळेल, तो ऐकू नकोस. ज्या जागी पोराला आसरा वाटतो तीच जागा कडू करायची, हे मला कधीच पटलेलं नाही. बाळ येईपर्यंत सुटलं नाही तरी चालेल. मग बाळाला चीक आणि दूध आधी, थोरल्याला नंतर, एवढा क्रम पाळायचा.

बाकीच्या बदलांनाही हाच हिशोब लाव. शी-शू सांगायला शिकवणं, वेगळी गादी, खेळवर्ग, जे करायचं ते जूनअखेरपर्यंत. नाही जमलं तर थेट दिवाळीनंतर. जुलै-ऑगस्टमध्ये नवीन काही सुरू करू नकोस. बाळ आल्यावर तो पुन्हा चड्डीत शू करेल, बोबडं बोलेल, बाटली मागेल. होऊ दे. रागावलं नाही तर काही आठवड्यांत निवळतं.

बाळाबद्दल त्याला आत्ता फार सांगत बसू नकोस, महिने त्याला कळत नाहीत. जुलैत सांग की गणपती यायच्या आधी आपल्याकडे बाळ येणार. आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना आत्ताच बजावून ठेव: ‘आता तुझे लाड संपले’, ‘आई आता बाळाची’ असली थट्टा त्याच्यासमोर करायची नाही. मोठ्यांची गंमत होते, पण पोर ते खरं मानतं.

एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. तुझ्या लोहाच्या गोळ्या कुठे असतात? सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला 180 गोळ्या देतात, त्या लाल, साखरेचा थर दिलेल्या. लहान मुलाला ती गोड गोळीच वाटते, आणि थोड्या जास्त पोटात गेल्या तर जिवावर बेततं. उशाखाली नको, पर्समध्ये नको, फ्रिजवर नको. कपाटात वरच्या खणात, कुलपात. खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी उलटी व्हायची वाट न बघता पाकीट हातात घेऊन दवाखाना गाठायचा. तू घेताना चहाबरोबर घेऊ नकोस, कॅल्शियमची गोळीही वेगळ्या वेळी घे. आणि मागच्या खेपेला धनुर्वाताची दोन इंजेक्शनं झाली असतील, तर तीन वर्षांच्या आत दिवस गेल्यामुळे या वेळी एक पुरतं, जुनं कार्ड दाखव. मुलाचंही कार्ड काढून बघ, सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यानचा गोवर-रुबेलाचा दुसरा आणि त्रिगुणी लसीचा (डीपीटी) बूस्टर डोस राहिला असेल तर आत्ताच देऊन घे.

दवाखान्यात तो पहिल्यांदा भेटायला येईल तेव्हा बाळ पाळण्यात असू दे आणि तुझे हात रिकामे असू दे. आधी त्याला कॉटवर शेजारी बसव, फक्त टाक्यांवर उशी ठेव. बाळाकडे तो स्वतः वळेल. नाही वळला तरी ‘बघ बघ’ करू नकोस. घरी आल्यावर सासूबाई शेक-शेगडीचं काढतील. बंद खोलीत निखारे आणि धूर नको. बाळाला धूर बाधतो, आणि या वयाचा मुलगा घरात असताना जमिनीवर निखारे ठेवणं त्याहून वाईट. डिंकाचे लाडू करायला सांग, त्यात त्यांचा जीव रमेल.

आता सगळ्यात घाईचं. ऑगस्ट, गावभाग आणि कृष्णेचा पूर. आयर्विन पुलाजवळ नदीची इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं, 2021 ला जुलैअखेरीस आलं. दरवर्षी येतं असं नाही, पण नववा महिना, सिझरचा जुना टाका आणि कडेवर पोर घेऊन बोटीत बसायची वेळ कुणावरच येऊ नये. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगरात पाणी शिरल्याच्या बातम्यांची वाट बघू नका. दुसरं बाळंतपण सासरीच असा सासूबाईंचा आग्रह आहे ना, मग लेकीचं घर त्यांनाही परकं नाही. जुलैच्या पहिल्या आठवड्यात नणंदेकडे विश्रामबागेत हला, सासूबाईंनाही बरोबर घ्या. त्याआधी मे आणि जूनमध्ये शनिवार-रविवार मुलाला घेऊन तिथे राहून या, त्याची गादी, त्याचं भांडं तिथेच ठेवा, एखादी रात्र त्याला आत्याजवळ झोपवा. फाईल, सोनोग्राफीचे रिपोर्ट, आधार कार्ड, मुलाचं लसीकरण कार्ड एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्याच घरी ठेवून द्या. कळा अचानक सुरू झाल्या तर 108, आणि गरोदर बाईला आणण्या-नेण्यासाठी 102, हे दोन्ही नंबर नणंदेच्या फोनमध्येही घालून ठेवा. जुन्या टाक्याच्या जागी सारखं दुखायला लागलं, अंगावरून पाणी गेलं, रक्त दिसलं किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर नवऱ्याची पाळी सुटेपर्यंत थांबायचं नाही, नणंदेला घेऊन तडक निघायचं. मुलाजवळ तेव्हा घरात कोण थांबणार, तेही याच शनिवारी नणंदेशी बोलून ठरवून टाक.