विचारा तर खरं : लोकी, बोकड आणि नळी

प्रश्न : लोकी हा थोरचा भाऊ, असं माझा दहा वर्षांचा नातू छातीठोकपणे सांगतो. मी म्हणते, नाही. हरेल त्याने सराफ्यात भुट्ट्याचा कीस खिलवायचा, अशी पैज लागली आहे. खरं कोणाचं?
— एक आजी, सुदामानगर, इंदूर

उत्तर : आजी, पैज तुम्ही जिंकलात. उत्तर युरोपातल्या जुन्या नॉर्स पुराणकथांत थोर हा देवांचा राजा ओडिन याचा मुलगा, त्याची आई साक्षात पृथ्वी. लोकी मात्र राक्षसकुळातला. त्याने ओडिनशी रक्तात रक्त मिसळून बंधुत्व जोडलं होतं आणि एका जुन्या काव्यात तो भर मेजवानीत ओडिनला त्याची आठवणही करून देतो. म्हणजे थोरचा तो मानलेला काका झाला. भावाचं नातं अलीकडच्या चित्रकथांनी आणि सिनेमांनी लावलं, तेव्हा नातवाला फार चिडवू नका. काका म्हटलं की आपल्याला शनिवारवाडा आठवतो. हाही काका शेवटच्या युद्धात, रॅग्नारॉकमध्ये, देवांच्या विरुद्धच उभा राहतो.

पण त्याआधी काका-पुतणे बरोबर भटकायचे. त्यातली एक गोष्ट नातवाला जरूर सांगा. थोरच्या रथाला घोडे नाहीत, दोन बोकड. त्यांच्या नावांचा अर्थ साधारण ‘दातविचक्या’ आणि ‘दातखाऊ’ असा. एका रात्री थोर आणि लोकी एका शेतकऱ्याकडे उतरले. थोरने आपलेच बोकड कापून शिजवले, घरातल्या सगळ्यांना पंगतीला बसवलं आणि बजावलं, की हाडं न मोडता कातड्यावर टाका. शेतकऱ्याच्या पोराला, थ्यालफीला, राहवलं नाही. त्याने सुरीने मांडीचं हाड फोडून आतला मगज खाल्ला. पहाटे थोरने आपला हातोडा, म्योलनीर, कातड्यांवरून फिरवला आणि बोकड टुणकन उभे राहिले. एक मात्र मागच्या पायाने लंगडत होता. थोरने रागाने हातोडा असा आवळला, की बोटांची पेरं पांढरी पडली. घरचे गयावया करू लागले, तेव्हा त्याने थ्यालफी आणि त्याची बहीण रोस्क्वा यांना चाकरीला घेऊन विषय मिटवला.

मला यात त्या पोराचीच बाजू पटते. रामबागेतल्या आमच्या घरी रविवारी मटण असायचं आणि नळी बाबांच्या ताटात. ते ती ताटाच्या काठावर आपटून, मग ओढून खायचे. तो सुर्रकन आवाज अंगणापर्यंत यायचा. एकदा मी ती पळवली. हातोडा नव्हता, पण पाठीत धपाटा बसला.

ही गोष्ट आइसलँडचा लेखक स्नोरी स्टुर्लुसन याने सुमारे 1220 साली लिहून ठेवली. एका काव्यात मात्र बोकड लंगडा झाल्याचं खापर थेट लोकीवर फोडलंय. एकदा नाव खराब झालं, की शेजारच्या घरात दूध नासलं तरी आळ तुमच्यावरच!

प्रश्न : थर्सडे म्हणजे थोरचा वार, असं वाचलं. मग आपला गुरुवारही त्याचाच का?
— एक विद्यार्थिनी, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : नाही, पण दोघांचा ग्रह एकच. रोमन लोकांनी वारांना ग्रहांची नावं दिली, त्यात हा वार ज्युपिटरचा. उत्तरेकडच्या जर्मानिक लोकांनी गडगडाटाचा देव म्हणून ज्युपिटरच्या जागी आपला थोर बसवला. आपल्याकडे तोच ग्रह बृहस्पती, म्हणजे गुरू. याच हिशेबाने मंगळवार ट्यूर या देवाचा. फेनरीर लांडग्याला बांधताना भरवसा म्हणून याने आपला हात त्याच्या तोंडात ठेवला आणि गमावला. बुधवार ओडिनचा, शुक्रवार त्याच्या बायकोचा, फ्रिगचा.

आमच्याकडे गुरुवार दत्ताचा. त्यामुळे बोकड खाणाऱ्या देवाच्या वारी आमच्या घरात कांदासुद्धा चिरला जात नाही. संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी, आणि तीही बिनमिरचीची, आईच्या पोटाला सोसत नाही म्हणून.