सर्वांत जवळचे रुग्णालय शोधणारा प्रोग्राम जलद कसा करावा?

आपण लिहिले आहे की, शहरातील रस्त्यांच्या सुमारे एक लाख नोडच्या ग्राफवर (म्हणजे चौकांसारखे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या कडा यांच्या जाळ्यावर) 5,000 घरांसाठी 40 रुग्णालयांपैकी सर्वांत जवळचे कोणते, हे आपण पायथनमधील नेटवर्कएक्स ही ग्राफसाठीची लायब्ररी वापरून घर आणि रुग्णालय यांच्या प्रत्येक जोडीसाठी डायक्स्ट्रा (सर्वांत कमी अंतराचा मार्ग शोधणारी पद्धत) चालवून काढता आणि प्रोग्राम रात्रभरातही संपत नाही. अशा जोड्या 2 लाख होतात. म्हणून एकेका फेरीचा वेग वाढवण्याच्या मागे लागण्याआधी फेऱ्याच कमी कराव्यात, असे मी सुचवेन.

आपल्याला प्रत्येक जोडीचे अंतर नकोच आहे. चाळीसही रुग्णालये शून्य अंतर धरून एकदमच हीपमध्ये (सर्वांत कमी अंतराचा नोड आधी काढून देणाऱ्या रांगेत) टाकावीत आणि डायक्स्ट्रा एकदाच चालवावा. ज्या रुग्णालयाकडून निघालेला मार्ग एखाद्या नोडपर्यंत सर्वांत कमी अंतरात पोहोचतो, ते त्या नोडचे जवळचे रुग्णालय. नेटवर्कएक्समध्ये ही सोय ‘मल्टी सोर्स डायक्स्ट्रा’ या नावाने तयार आहे. मात्र शोध रुग्णालयाकडून घराकडे जात असल्यामुळे आधी सर्व कडांची दिशा उलटवावी लागते. नाहीतर एकेरी वाहतुकीच्या रस्त्यांमुळे उत्तर चुकते, आणि ते चुकले आहे हे नुसता नकाशा पाहून सहसा ध्यानातही येत नाही.

एवढ्याने भागले नाही, तर ग्राफ साठवण्याची पद्धत बदलावी. नेटवर्कएक्स डिक्शनरीच्या (नावावरून मूल्य शोधण्याच्या रचनेच्या) आत डिक्शनरी ठेवत असल्याने प्रत्येक कडेचे वजन, म्हणजे तिचे अंतर किंवा वेळ, वाचायला अनेक ठिकाणी हात घालावा लागतो, तर सायपाय या पायथन लायब्ररीच्या सीएसआर मॅट्रिक्समध्ये (फक्त असलेल्या कडा ओळीनुसार साठवणाऱ्या तक्त्यात) एका नोडचे शेजारी मेमरीत सलग असतात. तेथील डायक्स्ट्राला ‘मिन ओन्ली’ (फक्त सर्वांत जवळच्या सुरुवातीच्या नोडपासूनचे अंतर) हा पर्याय दिला की वरचेच काम होते. यात एक खोच आहे: दोन नोडांमध्ये एकाच दिशेचे दोन रस्ते असतील, तर सीओओमधून (कडांच्या साध्या यादीतून) सीएसआर बनवताना त्यांच्या वजनांची बेरीज होते, म्हणजे 3 आणि 5 मिनिटांचे दोन रस्ते मिळून 8 मिनिटांचा एकच रस्ता तयार होतो. त्यामुळे लहान वजनाची कडा तेवढी आधीच निवडून ठेवावी.

सर्व नोडांमधील अंतरांचा तक्ता करून ठेवण्याचा विचार सोडून द्यावा. प्रत्येक अंतराला 8 बाइट धरले तरी तो 80 जीबी भरेल. 2008 मध्ये मांडलेली आणि ओएसआरएम या मार्ग शोधणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वापरली जाणारी ‘कॉन्ट्रॅक्शन हायरार्कीज’ ही ग्राफमध्ये आधीच शॉर्टकट तयार करून ठेवणारी पद्धत अतिशय वेगवान आहे खरी, पण तिची पूर्वतयारी रोज हजारो नवे प्रश्न येणार असतील तरच परवडते. आपल्या कामाला तूर्त तिची गरज दिसत नाही.