ड्रोन घेतला, आता कागद कोणते लागतात?

ह्या वेळी आलेले निम्मे प्रश्न ड्रोनचेच आहेत. मी स्वतः चार हंगाम झाले वर्ध्याच्या आजूबाजूला फवारणीचा ड्रोन उडवतो, त्यामुळे जे खाली लिहिलंय ते कागद हातात धरून लिहिलंय. बहुतेकांचा गोंधळ एकाच जागी आहे. ड्रोनचा नंबर वेगळा आणि उडवणाऱ्याचं सर्टिफिकेट वेगळं, जसं गाडीचं आरसी बुक आणि तुमचं लायसन. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं सोपं जातं.

माझा लग्नाच्या शूटिंगचा व्यवसाय आहे. सेकंडहँड ड्रोन घेतला, खोक्यावर 249 ग्रॅम लिहिलंय. विकणारा म्हणाला 250 च्या आत काहीच लागत नाही, बिनधास्त उडव. खरं आहे का?
– एक वाचक, दारव्हा तालुका

भाऊ, आधी किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ड्रोन ठेवा, पण खोक्यातून काढला तसा नाही, लग्नात उडवता तसा ठेवा, म्हणजे बॅटरी, मेमरी कार्ड, पंख्याचे गार्ड, लेन्सवरचा फिल्टर, रात्रीच्या वरातीसाठी चिकटवलेली लाईटची पट्टी सगळं धरून. नियमात वजन मोजतात ते उडताना जेवढं असतं तेवढं. माझ्यासमोर एका पोराचा असाच 249 वाला ड्रोन काट्यावर 281 दाखवत होता, त्याचा चेहरा पाहवेना. 250 ग्रॅमपर्यंत नॅनो, त्याच्या वर 2 किलोपर्यंत मायक्रो, 2 ते 25 किलो स्मॉल, पुढे मीडियम आणि 150 किलोच्या वर लार्ज. तुमचा ड्रोन नॅनोत राहिला तर पायलट सर्टिफिकेट लागत नाही, टाईप सर्टिफिकेट (म्हणजे ते मॉडेल तपासून मंजूर झाल्याचा कागद) लागत नाही आणि विम्याचीही सक्ती नाही, मग तुम्ही पैसे घेऊन शूट करत असाल तरी. पण 31 ग्रॅम जास्त भरला की तो मायक्रो झाला, आणि मायक्रोला सूट फक्त बिगर-व्यावसायिक कामासाठी आहे. तुम्ही सुपारी घेऊन लग्नाचं शूटिंग करता, म्हणजे रिमोट पायलट सर्टिफिकेट आलं, थर्ड पार्टी विमा आला, आणि ड्रोनचं मॉडेल टाईप सर्टिफिकेटवालं पाहिजे, नाहीतर कमाईच्या कामासाठी त्याची नोंदणीच होत नाही. बाहेरच्या देशातल्या ड्रोनच्या आयातीवर सरकारनं 9 फेब्रुवारी 2022 पासून बंदी आणलेली आहे, संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा एवढीच सूट आहे, त्यामुळे कोणी दुबईवरून आणून देतो म्हणाला तर पैसे देऊ नका.

माझं ऐकाल तर गार्ड आणि लाईट काढून टाका, पुन्हा काट्यावर ठेवा आणि 250 च्या आतच राहा. नोंदणीचा मूळ नियम मात्र ड्रोन लहान की मोठा बघत नाही, तेव्हा यूआयएन नंबर, म्हणजे ड्रोनचा नोंदणी नंबर, घेऊन टाका, फी 100 रुपये आहे. आणि सेकंडहँड आहे म्हणता, तर त्याला आधीच नंबर असेल तर तो तुमच्या नावावर ट्रान्सफर करून घ्या, त्याचीही फी 100 च आहे. विकणारा त्याला टाळाटाळ करत असेल तर काहीतरी गडबड आहे असंच समजा. हे सगळे अर्ज आता डीजीसीएच्या (विमान वाहतुकीवर देखरेख करणारं केंद्राचं खातं) ई-जीसीए पोर्टलवर होतात.

आणखी एक, ताडोब्याकडच्या रिसॉर्टमधली लग्नं आजकाल खूप असतात, तिथे वनविभागाच्या परवानगीशिवाय ड्रोन काढूच नका. बछडे घेऊन फिरणाऱ्या वाघिणीच्या डोक्यावर भुणभुण करून आपल्याला काय मिळणार आहे.

मी ड्रोन दीदी आहे, बचत गटाचा ड्रोन माझ्या नावे ट्रेनिंग घेऊन मिळाला. आता फवारणीच्या दिवसात कामं खूप येतात, मी घरी स्वयंपाक-पाणी आटपेपर्यंत माझे मिस्टर दोन-चार एकर मारून आले तर चालेल का? त्यांना माझ्यापेक्षा चांगला उडवता येतो.
– एक वाचक, चिमूर तालुका

ताई, नाही चालणार. सर्टिफिकेट तुमच्या नावाचं आहे, ते घरातल्या दुसऱ्याला वापरता येत नाही, जसं तुमच्या मिस्टरांच्या लायसनवर तुम्ही ट्रॅक्टर चालवू शकत नाही तसंच. दहा लिटरच्या टाकीचा ड्रोन स्मॉल वर्गात येतो आणि तुम्ही एकरी पैसे घेता, म्हणजे ह्यात पळवाट नाहीच. उद्या धुऱ्यावरच्या बैलाला पंखा लागला, की विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारणार की कंट्रोलर कोणाच्या हातात होता. अपघात झाला तर 48 तासांच्या आत पोर्टलवर कळवावा लागतो, तिथेही उडवणाऱ्याचं नाव लिहावं लागतं.

मिस्टरांना हौस आहे तर दोन वाटा आहेत. नमो ड्रोन दीदी योजनेत गटातल्या किंवा घरातल्या माणसाला ड्रोन सहायक म्हणून ट्रेनिंगची सोय आहे, दुरुस्ती, बॅटरी, औषध कालवणं हे सगळं ते करू शकतात, आणि खरं सांगतो, अर्ध्याहून जास्त मेहनत त्यातच असते. दुसरी वाट म्हणजे त्यांनी स्वतःचं सर्टिफिकेट काढावं. वय 18 ते 65, दहावी पास आणि मान्यताप्राप्त संस्थेचं ट्रेनिंग, एवढंच लागतं.

पण मनातलं बोलू का, तुम्ही पंधरा दिवस घर सोडून ट्रेनिंग घेतलं ते कंट्रोलर दुसऱ्याच्या हातात द्यायला नाही घेतलं. स्वयंपाक एखाद दिवस मिस्टरांनी केला तर?

दादा, शेजाऱ्यानं ड्रोनवाला बोलावला तणनाशक मारायले, त्या दिवशी वारं होतं, अन् आठ दिवसांत माह्या पऱ्हाटीचे पानं भेंडीसारखे बारीक लांबट झाले. दोन एकर हाय. ड्रोनवाला म्हणते माह्यापाशी लायसन हाय, तुले काय करायचं ते कर. मी काय करू?
– एक शेतकरी, राळेगाव तालुका

काका, तुमचं पत्र दोनदा वाचलं. पानं भेंडीसारखी होणं हे टू-फोर-डी वर्गातल्या तणनाशकाचं लक्षण आहे, कपाशी त्याला इतकी नाजूक असते की वाऱ्यावर आलेले बारीक थेंबही पुरतात. ड्रोनचा थेंब तर पाठीवरच्या पंपाच्या थेंबापेक्षा बारीक असतो आणि वरून पडतो, म्हणून वारं असताना धुऱ्याला लागून तणनाशक मारणं हा सरळ सरळ निष्काळजीपणा आहे, त्याला लायसन असलं तरी.

उद्याच सकाळी हे करा. शेजाऱ्याच्या धुऱ्याकडून आतपर्यंत फोटो काढत जा, म्हणजे धुऱ्याजवळ जास्त आणि आत कमी हे दिसेल, ह्यावरूनच कळते की औषध कुठून आलं. मग कृषी सहायकाला बोलावून पंचनामा मागा आणि तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या, पोच घेतल्याशिवाय उठू नका. अर्जात तारीख, अंदाजे वेळ, वारं कोणत्या दिशेनं होतं ते, आणि ड्रोनवाल्याकडून चार गोष्टी मागितल्याचं लिहा: ड्रोनचा यूआयएन नंबर, त्याचं रिमोट पायलट सर्टिफिकेट, विम्याची पॉलिसी, आणि मारलेल्या औषधाचं नाव. थर्ड पार्टी विमा त्याला सक्तीचा आहे, आणि तुम्ही म्हणजेच ते थर्ड पार्टी, हे त्याला सांगा. कीटकनाशक नियम 1971 मध्ये हवाई फवारणीआधी कमीत कमी 24 तास लोकांना सूचना द्यायची अट आहे, तुम्हाला कोणी सांगितलं होतं का तेही लिहा. ड्रोनचे नियम मोडले तर एक लाखापर्यंत दंड आहे, पण दंड सरकारला जातो, तुमच्या नुकसानीसाठी हा पंचनामाच कामी येईल, म्हणून तो सोडू नका. अन् पऱ्हाटी लगेच मोडू नका, नवीन फुटवा कसा येते ते बघा, मार हलका असला तर वरची पानं सुधारतात.

ड्रोन आला तेव्हा मला सगळ्यात जास्त आनंद झाला होता, कारण 2017 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारा मारता मारता विषबाधा होऊन 20 च्या वर माणसं गेली, आणि पाठीवर पंप घेऊन डोक्याएवढ्या पऱ्हाटीत शिरणारा माणूस त्या विषापासून लांब उभा राहू शकेल असं यंत्र आलं होतं. त्याच यंत्रानं आता शेजाऱ्याचं पीक जळत असेल तर आम्हा ड्रोनवाल्यांनाच आधी बोललं पाहिजे. मी वारं वाढलं की काम थांबवतो, शेतकरी कितीही चिडला तरी.

मुलगा नववीत आहे, त्याला विज्ञान प्रदर्शनासाठी ड्रोन बनवायचा आहे, अर्धा किलोचा होईल. परवानगी कोणाची?
– एक पालक, देवळी तालुका

बनवू द्या. शिक्षणासाठी किंवा हौशीसाठी, 25 किलोच्या आतला आणि नजरेसमोर उडवायचा ड्रोन मॉडेल म्हणून धरतात, त्याला टाईप सर्टिफिकेट नको, आणि अर्ध्या किलोचा बिगर-व्यावसायिक म्हणून पायलट सर्टिफिकेटही नको. नंबर तुमच्या नावानं घ्या. उडवायच्या आधी डिजिटल स्काय ह्या सरकारी वेबसाईटवरचा ड्रोनचा नकाशा उघडून गाव कोणत्या रंगात आहे ते बघा, हिरव्यात 400 फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही (विमानतळापासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात मात्र 200 फूटच), लाल असेल तर केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय नाही. तुमच्या बाजूला पुलगावचा दारूगोळा डेपो आहे, म्हणून नकाशा न बघता पोराला मैदानात पाठवू नका.

आयटीआय झालं आहे, ड्रोन पायलट व्हायचं आहे. एक जण दोन दिवसांत ऑनलाईन लायसन देतो म्हणतो. पासपोर्टही नाही माझ्याकडे.
– एक वाचक, मोर्शी तालुका

पासपोर्टची अट 27 सप्टेंबर 2023 च्या दुरुस्तीनं गेली, मतदार कार्ड, रेशन कार्ड किंवा ड्रायव्हिंग लायसन चालते. लायसन हा शब्दही 2022 पासून नियमातून गेला, आता सर्टिफिकेट असते आणि ते ट्रेनिंग देणारी मान्यताप्राप्त संस्थाच परीक्षा घेऊन पोर्टलवरून देते, 10 वर्षं चालते. दोन दिवसांत ऑनलाईन हे होऊच शकत नाही, कारण प्रत्यक्ष उडवून दाखवावं लागते. माझ्या मावसभावानं एका शहरातल्या क्लासला चाळीस हजार भरले आणि हातात आला तो फक्त हजेरीचा रंगीत कागद, त्याच्यावर डीजीसीएचा नंबरच नव्हता, पैसेही परत मिळाले नाहीत. म्हणून फी भरायच्या आधी संस्थेचं नाव डीजीसीएच्या यादीत स्वतः शोधा, आणि स्मॉल वर्गाचं ट्रेनिंग आहे का विचारा, कारण मायक्रोच्या सर्टिफिकेटवर फवारणीचा ड्रोन उडवता येत नाही.