ऊसतोडीच्या गाण्याचा व्हिडिओ, आणि त्यातलं करिअर

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातल्या एका गावात राहते, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आई-वडील दरवर्षी ऊसतोडीला जातात. 'धिस इज अमेरिका' हा व्हिडिओ पाहून मी आणि मैत्रिणीने ऊसतोड कामगारांवर गाणं केलं आणि मोबाईलवर शूट केलं. रडणारे चेहरे, स्लो मोशन, ब्लॅक अँड व्हाइट, वर घोषणा. आमचे सर म्हणाले, "सरकारी जाहिरातीसारखं वाटतंय." घरचे म्हणतात पोलीस भरतीची तयारी कर. मला मात्र अन्यायावर बोलणारे म्युझिक व्हिडिओच करायचे आहेत. हे शिकवतात कुठे? आणि यावर पोट भरेल का?

उत्तर :

प्रिय विद्यार्थिनी,

तू पाठवलेला व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा पाहिला. त्यात एक जागा फार चांगली आहे. तुझी आई डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढते. फळी वाकते, आईचा पाय क्षणभर चाचपडतो, आणि नेमकं तिथेच तू कट करून रडणाऱ्या चेहऱ्यावर जातेस. तो कट नको होता. मोळी वर पोचेपर्यंत तू शॉट धरून ठेवला असतास, तर तो भार बघणाऱ्याला स्वतःच्या मानेवर जाणवला असता. रडणारा चेहरा पाहून माणूस हळहळतो आणि पुढचा व्हिडिओ लावतो. सरांना जे खटकलं ते बहुधा हेच असावं.

तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला इथूनच सुरू करावंसं वाटतं. कॅमेरा कुठे ठेवायचा, किती वेळ ठेवायचा, फ्रेममध्ये पुढे कोण आणि मागे कोण, हे ठरवायला तुला शिकायचं आहे.

'धिस इज अमेरिका' एकदा आवाज बंद करून बघ. मे २०१८ मध्ये आलेलं हे गाणं डोनाल्ड ग्लोव्हरचं. गायक म्हणून तो तेव्हा चाइल्डिश गॅम्बिनो हे नाव लावायचा. दिग्दर्शक हिरो मुराई, छायालेखक लार्किन सीपल, नाच बसवला शेरी सिल्व्हरने. सगळं घडतं एका मोठ्या रिकाम्या गोदामात. कॅमेरा लांबलचक शॉटमध्ये ग्लोव्हरबरोबर आणि शाळेच्या गणवेशात नाचणाऱ्या मुलांबरोबर फिरत राहतो. मागे माणसं जीव घेऊन पळताहेत, धुमश्चक्री चालली आहे, आणि आपण नाच बघत बसतो. पहिल्या वेळी मागचं बरंचसं आपल्याला दिसतसुद्धा नाही. काळ्या माणसांच्या गाण्या-नाचावर फिदा व्हायचं आणि त्यांच्यावरच्या हिंसेकडे काणाडोळा करायचा, हा अमेरिकी समाजावरचा आरोप इथे प्रेक्षकाच्या नजरेकडूनच सिद्ध करून घेतला आहे. आणि ते लाल कापड आठवतंय? गोळी झाडल्यावर बंदूक त्या कापडात अलगद उचलून नेतात, मेलेल्या माणसाला मात्र फरफटत. तिथे कोणाची किंमत जास्त आहे, हे कळायला घोषणा लागत नाही. २०१९ मध्ये या गाण्याला चार ग्रॅमी मिळाले, त्यातला एक व्हिडिओसाठी होता.

दुःख दाखवण्याचा उलटा रस्ताही आहे. २०२१ मध्ये आलेलं 'एन्जॉय एन्जामी' हे तमिळ गाणं धी आणि अरिवू यांनी गायलं आहे. मुळाशी भूमिहीन मजुरांची वेदना आहे, ओप्पारी या शोकगीताचा सूर आहे. अरिवूची आजी वल्लीअम्माळ श्रीलंकेतल्या चहामळ्यांत राबली होती, आणि ती स्वतः व्हिडिओत आहे. पण दिग्दर्शक अमित कृष्णन यांनी या माणसांना केविलवाणं केलेलं नाही. भडक रंग, दागिने, ताठ माना; ही जमीन आमची आहे असं सांगणारा थाट. तुझ्या ब्लॅक अँड व्हाइटबद्दल मी इथे विचारेन : फडावर तुझी आई कोणत्या रंगाचं लुगडं नेसते? तो रंग तू का काढून टाकलास?

पैसे नसले तरी चालतं, हे २०१५ च्या 'कोडाईकनाल वोन्ट' या व्हिडिओने दाखवलं. सोफिया अश्रफ हिने एका गाजलेल्या अमेरिकन रॅपच्या चालीवर, हिंदुस्थान युनिलिव्हरच्या थर्मामीटर कारखान्यातल्या पाऱ्याने कामगारांचं काय झालं ते मांडलं. २०१६ मध्ये कंपनीने ५९१ माजी कामगारांशी तडजोड केली. पण ती एकट्या व्हिडिओची करामत नव्हती. कारखाना २००१ मध्येच बंद पडला होता आणि कामगार तेव्हापासून लढत होते. व्हिडिओने त्या लढ्याला ऐन वेळी गर्दी मिळवून दिली. जिथे लढा उभा आहे तिथे असं काम टिकतं, म्हणून तुझ्या भागातल्या ऊसतोड कामगार संघटनांना भेट. मुंबईच्या 'स्वदेसी' या रॅप गटाने २०१९ मध्ये 'द वारली रिव्हॉल्ट' केलं तेव्हा आरेतले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा आवाज सोबत घेतला. मराठीत अण्णाभाऊ, अमर शेख, वामनदादांपासून अन्यायावर गाणाऱ्यांचा तुटवडा कधी नव्हता. ते गाणं दाखवायचं कसं, यावर मात्र फार थोड्यांनी मेहनत घेतली आहे. तुझी गरज आहे, असं मी म्हणते ते या अर्थाने.

आता शिक्षण. 'म्युझिक व्हिडिओ' असा वेगळा कोर्स शोधू नकोस. कॅमेरा, एडिटिंग, कला दिग्दर्शन, दिग्दर्शन यांपैकी एक काम पक्कं शीक. तुझ्या व्हिडिओतला शॉट पाहून मला तू कॅमेऱ्याकडे जावंस असं वाटतं, पण निर्णय तुझा. पुण्याची एफटीआयआय ही चित्रपट शिक्षणाची संस्था आणि कोलकात्याची सत्यजित राय चित्रपट संस्था, दोन्हीकडे कॅमेरा, एडिटिंग आणि दिग्दर्शनाचे मोठे अभ्यासक्रम पदवीनंतरचे आहेत. प्रवेश परीक्षा, मग मुलाखत. त्यामुळे बी.ए. अर्धवट सोडू नकोस. या केंद्र सरकारच्या संस्था आहेत, आरक्षण लागू आहे. ओबीसी वर्गात येत असशील तर केंद्राच्या नमुन्यातलं जात प्रमाणपत्र आणि नॉन-क्रीमीलेअर आधीच काढून ठेव, तहसीलमध्ये वेळ जातो. एफटीआयआय लघु अभ्यासक्रमही चालवते. समाजाचा अभ्यास आणि कॅमेरा एकत्र हवा असेल तर मुंबईच्या टिसमधला (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) मीडिया अँड कल्चरल स्टडीजचा एम.ए. बघ.

पोट भरेल का? कॅमेरा किंवा एडिटिंग हातात आलं तर भरेल. फक्त अन्यायावरच्या व्हिडिओंवर भरणार नाही, निदान सुरुवातीची काही वर्षं नाही. लग्नाचं शूटिंग, यूट्यूबवरची अल्बम गाणी, मालिका, जाहिराती, यातून पैसे येतील. लग्नाच्या कामाला कमी लेखू नकोस. अंधुक उजेड, रिटेक नाही, गर्दीत योग्य माणूस शोधायचा. इतका सराव कुठल्या वर्गात मिळत नाही. घरच्यांना सांग की पदवी पूर्ण करणार आहेस, त्यामुळे भरतीचा रस्ताही बंद होत नाही. त्यांची काळजी रास्त आहे. उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, फेडण्यात ज्यांचा हंगाम जातो, त्यांना महिन्याला येणाऱ्या पगाराचं मोल आपल्यापेक्षा जास्त कळतं.

दोन गोष्टी मात्र आत्ताच कर. तुझ्या व्हिडिओत एक बाई कोपीसमोर (तात्पुरत्या झोपडीसमोर) बसून मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमाबद्दल बोलते, चेहरा स्पष्ट दिसतो. पुढच्या हंगामात त्या कोयत्याला, म्हणजे तिला आणि तिच्या नवऱ्याला, उचल नाकारली तर? तिला भेटून तो भाग दाखव, आणि ती नको म्हणाली तर काढ. चेहरा न दाखवता हात दाखवता येतात, पाठ दाखवता येते, रिकामी कोपी दाखवता येते.

दुसरी गोष्ट श्रेयाची. 'एन्जॉय एन्जामी' गाजलं, पण २०२१ मध्ये 'रोलिंग स्टोन इंडिया' या संगीतविषयक मासिकाच्या मुखपृष्ठावर अरिवू नव्हता, त्यावरून मोठी टीका झाली. २०२४ मध्ये संगीतकार संतोष नारायणन यांनी जाहीरपणे सांगितलं की या गाण्याचा पैसा आम्हा कलाकारांपर्यंत आलेलाच नाही. इतक्या गाजलेल्या गाण्याचं हे होऊ शकतं. म्हणून गाणं कोणाचं, चाल कोणाची, शूट कोणाचं, उद्या पैसे आलेच तर वाटा किती, हे एका कागदावर लिहून दोघींनी सह्या करा. तुझ्या व्हिडिओखालच्या माहितीत गाणं लिहिणाऱ्या मैत्रिणीचं नाव नाही. ते आजच घाल.