डायमंडची मधली ओळ दोनदा का येते?

प्रश्न : ताई, मी बीसीएस फर्स्ट इयरला आहे, पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा नुकतीच चालू झालीय. पाच ओळींचा स्टारचा पिरॅमिड जमला, पण त्याचा डायमंड करायला गेलो की मधली ९ स्टारची ओळ दोनदा येते आणि फंक्शन वापरलं की प्रत्येक ओळीखाली 'नन' (None, म्हणजे 'काहीच नाही') छापून येतं. मित्राचा कोड चालतो, पण का चालतो ते कळत नाही. प्रॅक्टिकल जवळ आलंय.

उत्तर : मित्राचा कोड बाजूला ठेव आणि चौकटीची वही घे, खरंच घे. एका चौकटीत एक स्टार असा पिरॅमिड काढ आणि प्रत्येक ओळीसमोर दोनच आकडे लिही, डावीकडे रिकाम्या चौकटी किती आणि स्टार किती. ४ आणि १, ३ आणि ३, २ आणि ५, १ आणि ७, ० आणि ९. म्हणजे ओळीचा नंबर आय धरला तर स्पेस पाच वजा आय, स्टार आयची दुप्पट वजा एक. उजवीकडच्या स्पेस मोजूच नको, त्या दिसत नाहीत.

आता घरात कोणी ठिपक्यांची रांगोळी काढत असेल तर बघ, १ पासून ९ पर्यंत ठिपके वाढवत नेले की नऊची ओळ एकदाच घालतात आणि लगेच सातवर येतात. तुझा खालचा लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणारा भाग) परत पाचपासून सुरू होतोय, घोळ तिथेच आहे. लूपला आकडे पुरवणाऱ्या रेंजला ४, ०, उणे १ (सुरुवात, शेवट, पाऊल) दे, ४ ते १ येतील, शून्य येणार नाही कारण रेंज शेवटचा आकडा घेतच नाही (वरच्या लूपला १, ६ लिहावं लागतं ते त्यामुळेच). खात्री करायला स्टार मोज, वर २५, खाली १६, एकूण ४१ हवेत. तुझ्याकडे आत्ता ५० येत असणार.

'नन'चं म्हणशील तर तुझं फंक्शन आतच प्रिंट करतंय, रिटर्न काहीच करत नाही, म्हणजे बाहेर काही परत देत नाही, आणि तू ते बाहेरून परत प्रिंटच्या कंसात घातलंयस. रिटर्न नसेल तर पायथन नन देतो, मग बाहेरचा प्रिंट तेच छापतो. माझं तर स्पष्ट मत आहे की फंक्शनने छापूच नये. स्पेस गुणिले इतके अधिक स्टार गुणिले इतके (पायथनमध्ये चिन्हाला आकड्याने गुणलं की ते तितक्या वेळा येतं) अशी तयार ओळ त्याने रिटर्न करावी, छापायचं काम लूपचं, म्हणजे उद्या एक्झामिनरने स्टारऐवजी हॅश मागितला तरी एकाच जागी बदल. (सी भाषेत असा गुणाकार चालत नाही, तिथे आतला लूप लागतो.)

आणि तो पाचपासून सुरू होणारा लूप खोडू नको, उलटा पिरॅमिड विचारला तर तोच जसाच्या तसा चालतो.